डाव्या पंखाची आग

मुलुंड, २० जानेवारी, संध्याकाळ

प्रधानकाकू चहा न पिताच गेल्या. कप अजून तसाच आहे, उचलवत नाही.

सव्वीस तारखेला सोसायटीच्या हॉलमध्ये लावायचं म्हणून काकूंच्या यजमानांच्या विमानाचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. ते बॉम्बर विमानात नॅव्हिगेटर होते, युद्धात गेले. तीन आठवडे टॅबलेटवर खपले मी. काळं आकाश, खालून तोफांचा मारा, डावा पंख पेटलेला, तरी विमान सरळ पुढे. सेक्रेटरी म्हणाले, "झकास! याला म्हणतात शौर्य."

आज काकूंना दाखवलं. विमान राहिलं बाजूला, त्या आगीकडेच बघत बसल्या. मग विचारलं, "ही काढता येते का गं?"

येते ना. आग वेगळ्या लेयरवर आहे. एकदा टॅप केलं, गेली. मला वाटलं, झालं काम.

"तुला कोणी सांगितलं, आग लागली होती म्हणून?" काकू हळूच म्हणाल्या. "आम्हाला नुसतं बेपत्ता कळवलं होतं. पन्नास वर्षं मी धरून चाललेय, विमान समुद्रात पडलं. पाणी गार असेल, एवढंच."

कोणी सांगितलं? कोणीच नाही. चित्र सपाट वाटत होतं, म्हणून मीच लावली. आणि बंद करून काय उपयोग? त्यांनी बघितली ना.

आत्ता सेक्रेटरींचा मेसेज आलाय. प्रिंटला देण्याआधी आग जरा वाढवता येईल का, विचारतायत.