‘हो’ नव्हे, ‘हाव’

मुदखेड
दि. १२ जानेवारी २०२५

चि. महामायेस,

बाबाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडं ठीक हाय. गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारी गप बसतो. दुकानाच्या पाटीवरच्या ‘महामाया साऊंड सर्व्हिस’मधला पहिला ‘म’ उडालाय. लोक ‘हामाया’ वाचून राहिले. रंगवून घेतो. अर्धापूरच्या लग्नाची ऑर्डर होती म्हणून लातूरला तुझ्या पिच्चरला येणं जमलं नाही, हे फोनवर बोललोच. चांगला झाला म्हणतात लोक.

तुला माहीत हाय, मी पिच्चर बघत नाही, ऐकतो. लहानपणी तंबूतल्या टॉकीजचं तिकीट परवडायचं नाही. कनातीला पाठ लावून बाहेर बसायचं. आत उजेड, बाहेर चांदणं, आणि कापडातून गाळून येणारा आवाज. हिरॉईन कशी दिसते ते मला कधी कळलं नाही, पण ती चालत आली की कुठल्या पायात जोर देते ते सांगायचो. ते सगळे पिच्चर माझ्या डोक्यात अजून हायत, चेहऱ्यांशिवाय. कधी दुपारी डोळा लागला की त्यातलंच कुणीतरी चालत येतं.

त्यामुळं मोठ्या पिच्चरांची मला मजा वाटते. हिरो बुक्की मारतो तर लोखंडी कपाट जिन्यावरून पडल्याचा आवाज! मी भोंगे खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडलो, चार-दोन माराम्याऱ्या जवळून ऐकल्या. बुक्कीचा आवाज ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा येतो, आणि त्यानंतर घडीभर कुणीच बोलत नाही. ते न बोलणं पिच्चरवाल्यांना सापडत नाही. आणि गाव कुठलंही दाखवा, कुत्रं तेच भुंकतं. चाळीस वर्षं झाली, त्या कुत्र्याला मी आवाजावरून ओळखतो. आता म्हातारं व्हायला पाहिजे होतं बिचारं.

कमी खर्चाच्या पिच्चरचं हेच बरं. कुत्रं विकत आणायला पैसा नसतो, म्हणून खरं कुत्रं येतं. तुझ्या पिच्चरात जळकोटच्या गल्लीतलं जे भुंकतं, ते एकदा भुंकून थांबतं, कुणी उत्तर देतंय का ते बघतं आणि मग हळूच परत भुंकतं. अगदी तसंच असतंय ते.

आता तू म्हणशील, जो आलाच नाही त्याला कुत्रं कसं ऐकू आलं?

आलो होतो, बाई. लग्न-बिग्न काही नव्हतं. सकाळची एसटी धरली, अकराच्या शोला शेवटच्या रांगेत खांबाआड बसलो. तू पुढं पाठमोरी होतीस. केस कापलेस ते बरं दिसतं.

केळीच्या बागेतला तो भाग आला, पोरगी एकटीच चालते आणि वाळली पानं एकमेकांवर घासतात, तिथं मी डोळे मिटले. वाटलं, कनातीच्या बाहेरच बसलोय. आत कुणाचं तरी आयुष्य चाललंय, आणि ते माझं हाय. आईचा आवाज विसरत चाललेली पोरगी. तू सात वर्षांची असताना तुझी आई, सरजा, गेली, हे हॉलमधल्या कुणाला माहीत नसलं तरी मला हाय ना. आई पडद्यावर एकदाही दिसत नाही, हे तू फार शहाणपणाचं केलंस. नुसता दाराआडून आवाज.

आणि तिथंच माझ्या कानाला टोचलं. पोरगी विचारते, “आई, येऊ का?” आणि आतून येतं, “हो, ये ना.”

हो!

मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली चहा घेऊन उभा होतो. वर तू आणि तुझा तो आवाज भरणारा, उदगीरकडचा संगप्पा. तो म्हणाला, “ताई, आईचा ‘हो’ लई इस्त्रीचा वाटून राहिला. पुण्याच्या पोरीकडून भरला की असंच होतंय.”

तू म्हणालीस, “कळतंय रे. पण खरा कुठून आणू? एकच टेप होती आईची. बाबांनी तिच्यावर जयंतीची भाषणं भरली.”

“महिनाभरात पिच्चर नागपूरच्या महोत्सवाला पाठवायचाय. तवर बदलता येतं,” तो म्हणाला.

“बदलायला असावं लागतं काहीतरी,” तू म्हणालीस, आणि हसलीस. ते हसणं मी एसटीत मुदखेडपर्यंत ऐकत आलो.

महामाया, टेप पुसली नाही. दोन वर्षांमागं तू मागितलीस तेव्हा खोटं बोललो. तिच्या शिलाई मशीनच्या खणात हाय, रिळांच्या मागं. वर्षातून एकदा लावतो. ती एवढीच हाय: नवा माईक आला होता, सरजानं हातात घेतला. “हॅलो, हॅलो... आता काय बोलू बाई मी यात?” मग तुझा आवाज, सहा वर्षांची तू, “आई, मी पण येऊ का?” आणि ती म्हणते, “हाव. ये की. ये माझी बाई.”

तो ‘हाव’ ती आत श्वास ओढून म्हणायची. तुला आठवत नसेल. जन्मभर ती ‘हो’ कधी म्हणलीच नाही.

त्याच्या पुढं मी बटण दाबतो. दर वेळी तिथंच.

कारण त्याच्या पुढं मी हाय. “सरजा, ठेव ते खाली. बायकांचं काम न्हाई हे.” असा वसकलोय की भोंगा शिट्टी मारतो. मग खट्. सहा महिन्यांनी ती गेली. आणि पाच वर्षांमागं तू बँकेची नोकरी सोडून पिच्चर काढते म्हणालीस, तेव्हा मी काय म्हणालो ते तुझ्या ध्यानात असेलच. शब्दाला शब्द तेच. तू टेप ऐकली असतीस तर तुला कळलं असतं, की तुझ्या बापाला वीस वर्षांत दुसरं वाक्य सुचलं नाही.

काल ब्लेड घेऊन बसलो. म्हटलं, माझं तेवढं कापून, चिकटवून द्यावं. असल्या कामात माझा हात साफ हाय. हेडफोन लावला, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पुढं जाऊ दिलं. माझ्या वसकण्याच्या खाली ती हसते. अगदी बारीक, नाकातून. मला घाबरून नाही. तुझ्याकडं बघून, ‘बघ तुझ्या बापाला’ असं. माझं कापलं तर तेही जातं.

म्हणून कापलं नाही. सगळी टेप शेजारच्या आनंदराजच्या हाती पाठवतोय, तो बुधवारी लातूरला येतोय. रीळ सैल हाय. लावण्याआधी पेन्सिलीनं फिरवून घे. कुठं ठेवायचं, कुठं कापायचं, ते तुझं तू ठरव. ते काम तुझं हाय.

नागपूरला दाखवशील तेव्हा फोनवर ‘बाबा, येता का?’ असं परत एकदा विचार. उत्तर आत्ताच लिहून ठेवतो, श्वास आत ओढून:

हाव.

तुझा बाबा,
नरसिंग