पाण्याचं टेबल

दि. ९ नोव्हेंबर

चिरंजीव जावईबापू यांस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्या बाकीच्या गाड्यांच्या मानानं ही गाडी अजून बरी चालते. तुमच्या सासूबाईही बऱ्या आहेत. तुमचं नाव निघालं की विषय बदलतात, एवढंच.

तुमचं पत्र पोचलं. "तिची समजूत घालून पाठवून द्यावं, घर सुनं वाटतं, शिवाय साइटच्या दुसऱ्या भागाचं काम अडलंय." घर सुनं वाटतं हे एका ओळीत आटोपलंत आणि दुसऱ्या भागाला सव्वा पान दिलंत. असो. मी शाळा अर्धवट सोडून बस धुवायला लागलेला माणूस. मला वाचता बेताचं येतं, ऐकू मात्र चांगलं येतं.

आधी तुमच्या कामाबद्दल लिहितो. त्याचं कौतुक करायचं राहून गेलंय.

मी अधूनमधून माझ्याच मालकीच्या एखाद्या बसमध्ये मागच्या बाकावर बसतो. ड्रायव्हर काय बोलतो, ब्रेक काय बोलतो, ते कळतं. गेल्या आठवड्यात नववीच्या मुली घरी चालल्या होत्या. एकीनं दुसरीला विचारलं, "काय गं ऊर्जा वनस्पती, आज पाणी घातलं का तुला?" दुसरी म्हणाली, "मला नको. मी कोळशाची आहे, मला बंद करणारेत." सगळी बस खिदळली. मला वाटलं, काही खेळ असेल. विचारलं तर म्हणाल्या, "खेळ नाही आजोबा, अभ्यास आहे. सरांच्या साइटवर आहे." कोणत्या सरांच्या, तर त्यांनी तुमचं नाव घेतलं. मी तुमचा सासरा, हे काही मी सांगितलं नाही. मलाही थोडी अब्रू आहे.

ऑफिसात आलो आणि कारकुनाला ती साइट उघडायला लावली. 'पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त दुवे, नवी आवृत्ती.' वर तुमचा फोटो, एक हात झाडाला टेकलेला. झाड बिचारं काही बोलू शकत नाही. खाली मजकूर: 'कोळशाच्या ऊर्जा वनस्पती हवेसाठी घातक आहेत.' 'सांडपाण्यावर उपचार करणारी वनस्पती शहराबाहेर असते.' 'अतिउपशामुळे पाण्याचे टेबल खाली पडत आहे.' कारकून म्हणाला, "साहेब, टेबल पडलं तर उचलायचं कुणी?" मग त्यानंच उलगडून सांगितलं, की इंग्रजीतला 'प्लांट' म्हणजे इथे कारखाना, आणि 'वॉटर टेबल' म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची पातळी.

इंग्रजी मजकूर यंत्रात ओतायचा, खालून जे पडेल ते मुलांच्या पुढ्यात सरकवायचं, आणि मध्ये एकदा स्वतः वाचायचेही कष्ट घ्यायचे नाहीत. याला तुमच्यात प्राध्यापकी म्हणतात. आमच्यात गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी एक चक्कर मारून बघतात.

दुव्यांचं तर विचारूच नका. पहिला उघडला, ते बुटांचं दुकान निघालं. दुसरा उघडलाच नाही. तिसऱ्यावर एक साबणाची कंपनी पाणी कसं वाचवावं ते शिकवत होती. शाळेच्या विज्ञानाच्या बाई त्याच बसनं जातात. त्या म्हणाल्या, चाचणीत एकीनं 'कोळशाच्या वनस्पतींची लागवड थांबवावी' असं लिहिलं, आणि तुमच्या नमुना उत्तरांप्रमाणे तिला पूर्ण गुण द्यावे लागले.

बाईंनी पहिल्या आवृत्तीचे कागद छापून ठेवले होते. ते मी मागून घेतले. तुमचंच नाव, तुमचाच फोटो. पण प्रत्येक दुव्याखाली दोन ओळी होत्या: हे कोणी लिहिलंय, कशासाठी लिहिलंय, कुठवर विश्वास ठेवावा. एके ठिकाणी होतं, 'चित्रं सुंदर आहेत, सल्ला मात्र साबणाचा आहे.' दुसरीकडे, 'ही साइट दिसायला कंटाळवाणी. नदीच्या पाण्याची रोजची मोजणी, बाकी काही नाही. म्हणूनच चांगली.'

जावईबापू, हा आवाज मी तो बोबडा होता तेव्हापासून ऐकतोय.

त्या आवृत्तीच्या समारंभाला मी दुसऱ्या रांगेत होतो. तुम्ही सगळ्यांचे आभार मानलेत, माइकवाल्याचेसुद्धा. शेवटी म्हणालात, "आणि हो, आमच्या सौभाग्यवतींनी टायपिंगला हातभार लावला." लोक कौतुकानं हसले. ती माझ्या शेजारी बसली होती. नुसतं "हं" म्हणाली. तुम्ही ते ऐकलं नाहीत, कारण टाळ्या चालू होत्या. मी ऐकलं.

लोकांना तुम्ही सांगता की ती हवापालटाला माहेरी गेलीय. मला लिहिता की फ्रिज कोणता घ्यायचा यावरून वाद झाला. त्या फ्रिजचा काही दोष नाही.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग मी तुमची नवी आवृत्ती वाचायला घेतली. पाण्याच्या टेबलापाशी ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिली. तिची आई आत निघून गेली. मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या वर्गात जाऊन बसली. आता रोज जाते. मुली दुवे शोधून आणतात, ही विचारते, "कोणी लिहिलंय? त्यांना यातून काय मिळतं? शेवटचं कधी बदललं?" टिकलेला दुवा फळ्यावर जातो, शेजारी शोधणारीचं नाव. मुलींनी माझ्या बसच्या धुरावरही एक धडा केलाय आणि तो मला बसमध्येच मोठ्यानं वाचून दाखवतात. दोन गाड्या दुरुस्तीला टाकाव्या लागल्या.

काल तिला विचारलं, "काय कळवू त्यांना?"

म्हणाली, "बाबा, लिहा की आले तर नावासकट येईन. त्यांच्या शेजारी माझं नाव. तेवढ्याच अक्षरात."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर टायपिंगला दुसरी कुणी बघा म्हणावं."

समजूत घालायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. घालतोय, फक्त माणूस बदललाय. दुसरा भाग यंत्राकडून करून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. यंत्र काही आभारांत नाव मागत नाही. पण मग घरातलं सुनंपणही त्यालाच सांगा.

उत्तर मला नको, तिला लिहा. आणि स्वतः लिहा. दुसऱ्याकडून लिहवलंत तर या घरात आम्हा दोघांना पहिल्या ओळीतच ऐकू येईल.

आपला,
आज तरी,
सासरा