बोटीवरचा किल्ला

लेक हवासू, ऍरिझोना
१४ डिसेंबर

प्रिय सिया,

मुद्द्याचं वाक्य आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. आम्ही तुझ्याकडे रेडमंडला राहायला येणार नाही. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सामान न्यायला येणार आहेत त्या मूव्हर्सना फोन कर आणि कॅन्सल करून टाक. तू खालची खोली रंगवून घेतलीस, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्यास, ते सगळं मला पोचलं आहे. पण हे तू ठरवलंस थँक्सगिव्हिंगच्या फोनवर, बाबा फोनचा चार्जर शोधायला उठले तेवढ्या पाच मिनिटांत, आणि मी फक्त 'बघू' म्हणाले. माझं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं, हे तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तरी तू ते 'हो' धरून चाललीस.

फोनवर तू वकिलासारखी बोलतेस आणि मी गप्प बसते, म्हणून हे पत्र. आठ वर्षं दर रविवारी तुला ओढत मराठी शाळेत नेलं, त्याचा आज मला उपयोग होऊ दे. सावकाश वाच, घाई नाही.

तुझं म्हणणं काय, तर बाबांची नजर अधू झाली, आता त्यांना गाडी चालवता येत नाही, बोट तर नाहीच. आई हायवेला घाबरते, पाण्याला घाबरते. मग ही दोघं वाळवंटात बसून करणार काय? मुद्दा बिनतोड होता, पण ऑगस्टपर्यंत. पाण्याशी माझा संबंध म्हणजे लहानपणी नागपूरला अंबाझरीच्या काठावर बसून चणे खाण्यापुरता. बाबांनी रिटायर झाल्यावर तळ्याकाठी घर घेतलं, वर पोंटून बोट घेतली, तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. नऊ वर्षं त्या बोटीवर मी लाइफ जॅकेट घालून मधोमध बसत आले, हाताशी डबा घेऊन. पोंटून म्हणजे असतं काय गं, दोन लांब पोकळ नळ्यांवर ठेवलेला ओटा. तो उलटत नाही असं बाबा दर वेळी सांगायचे आणि माझा दर वेळी विश्वास बसायचा नाही.

सप्टेंबरात मी शेजारच्या डॉनाकडे गेले. मिनेसोटाची ती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवरा गेल्यापासून एकटी बोट चालवते. तिला म्हटलं, मला शिकव आणि अरुणला कळू देऊ नकोस. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला आम्ही निघायचो. बाबांना सांगितलं, योगाच्या क्लासला जाते. पहिल्या दिवशी मी धक्क्याला अशी धडक दिली की डॉनाची कॉफी तिच्या पांढऱ्या पँटवर सांडली. दुसऱ्या वेळेपासून ती काळी पँट घालून यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात घरी आले तर बाबा म्हणाले, योगाच्या क्लासमध्ये पेट्रोलचा वास बराच असतो वाटतं. त्यांच्यापासून काही लपत नाही. पुढच्या मंगळवारी ते डॉनाच्या आधी बोटीवर जाऊन बसले होते.

हायवेही शिकले. डोळ्याच्या पडद्याला इंजेक्शन द्यायला त्यांना लास वेगसला न्यावं लागतं. तुला सांगितलं होतं की डॉना नेते. पहिल्यांदा तिने नेलं, नंतरच्या पाचही खेपा मी. येताना देशी दुकानातून हळीव, भाजणी आणि तुझ्या बाबांचा तो कुबट वासाचा तपकिरी गूळ घेऊन येते. अडीच तास जायला, अडीच यायला. ट्रक शेजारून गेला की अजून स्टिअरिंग घट्ट धरते, पण गाडी सरळ जाते.

आता इकडच्या सीझनबद्दल सांगते. कॅनडाची आणि मिनेसोटाची म्हातारी मंडळी आपापल्या घराएवढाल्या गाड्या घेऊन आली आहेत, गाव दुप्पट झालं आहे. लोक अर्ध्या चड्डीत ख्रिसमसच्या माळा लावतात, निवडुंगांना लाल टोप्या घालतात. मी शेजारी बारा डबे चकल्या वाटल्या आणि बदल्यात इतक्या कुकीज आल्या की फ्रीजरचं दार लागत नाही. शनिवारी बोटींची दिव्यांची मिरवणूक होती, गावातल्या पुलाखालून जाणारी. दर वर्षी आपली बोट असते, साध्या माळा लावून. या वर्षी बाबांच्या मनात किल्ला आला. दिवाळी सगळी डॉक्टरांच्या फेऱ्यांत गेली, अंगणातला किल्ला राहून गेला, त्याची त्यांना रुखरुख लागली होती. तू सहावीत गेल्यावर किल्ल्याकडे पाहीनाशी झालीस, त्यांनी मात्र एक दिवाळी सोडली नाही. म्हणाले, आपण पाण्यावर आहोत तर जलदुर्गच करू, सिंधुदुर्ग, बोटीवर.

मी हो म्हटलं, कारण महिन्याभरात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. दगड, विटा, गोणपाट, मागच्या अंगणातली लाल माती. हातांनी चाचपत त्यांनी तटबंदी उभी केली, मी फक्त माती भिजवून दिली. डावीकडे मोठा बुरूज, वर हळीव आणि मोहरी पेरली, पुण्याहून आणलेले मातीचे मावळे ठेवले. डॉनाने वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, चालेल. एवढं सगळं ठीक. पण किल्ल्यावर रोज पाणी शिंपडायचं असतं, नाहीतर हिरवळ येत नाही, हे डॉनाला कुठून माहीत असणार? तुझे बाबा आठ दिवस सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालत होते. किती पडतंय ते त्यांना दिसत नव्हतं आणि मी पाहत नव्हते. मातीने सगळं पिऊन घेतलं. मोहरी मात्र बोटभर आली, बघण्यासारखी.

मिरवणुकीच्या संध्याकाळी बोट डावीकडे कललेली. डॉना आली, बघून एक शिवी हासडली आणि सगळे उजवीकडे बसा म्हणाली. सगळे म्हणजे ती, तिचा बर्फाचा कूलर आणि पाण्याच्या बाटल्यांची चार खोकी. मी स्टिअरिंगवर. बाबा माझ्या मागे उभे, एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. पुढे चाळीस बोटी, मागे तीस, सगळीकडे दिवे, आणि पुलावर माणसांची ही गर्दी. सिया, मला इतकी भीती वाटली की मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत होते आणि मध्येच विसरत होते. बाबा मात्र इंजिनाच्या आवाजावरून सांगत होते, आता थोडा वेग कमी कर, डावीकडची बोट जवळ आली, तिला जाऊ दे. बघणं माझं आणि ऐकणं त्यांचं, असे आम्ही पुलापर्यंत आलो.

पुलाखाली शिरताना एक मोठी बोट शेजारून गेली आणि तिच्या लाटेने आमचा डावा बुरूज सुटला. मावळे, मोहरी, लाइटची माळ, सगळं सावकाश पाण्यात गेलं. वरच्या लोकांना वाटलं, मुद्दाम पाडला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. बाबांनी विचारलं, टाळ्या कशाला? मी म्हटलं, तुमच्या किल्ल्याला, छान दिसतोय ना. त्यांनी पायाने बोटीचा तोल चाचपला. मग म्हणाले, मालिनी, बोट सरळ झाली आहे. बुरूज गेला ना? मग आता स्टिअरिंग इतकं उजवीकडे ओढून धरू नकोस, सैल सोड. मी सैल सोडलं, आणि बोट पुलाखालून अशी नीट निघाली की डॉनासुद्धा हात वर करून ओरडली.

बक्षीस काही मिळालं नाही. ते मिळालं सांताक्लॉजच्या टोप्या घातलेल्या सहा कुत्र्यांच्या बोटीला. पण धक्क्याला बोट मी लावली, पहिल्या फटक्यात, कुठेही न घासता. घरी आल्यावर बाबांनी चहा केला. स्वतः केला, कारण या घरात साखर कुठे, पायरी कुठे, दाराची कडी कुठे, ते त्यांच्या हाताला पाठ आहे. आणि इथे ऊन आहे. भरपूर, स्वच्छ ऊन. तुझ्याकडच्या पावसाळी हिवाळ्यात त्यांना भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं तेही कळणार नाही. तुझ्या खोलीत ते पाहुणे होतील आणि मी त्यांची नर्स होईन. ते मला नको आहे. मी त्यांची बायको आहे आणि आता त्यांची ड्रायव्हरही आहे, मला तेवढं पुरे आहे.

चहा पिताना ते म्हणाले, मला खोटं सांगू नकोस, मला त्याने जास्त आंधळं वाटतं. मग मला तुझी आठवण झाली, कारण तुझ्याशी आम्ही दोघं मिळून खोटं बोलतो आहोत. उजवा डोळा अधू नाही सिया, ऑक्टोबरातच गेला. डावाही चालला आहे. त्यांना माणूस दिसतो, माणसाचा चेहरा दिसत नाही, मधोमध करडा डाग असतो. मागच्या रविवारी व्हिडिओवर त्यांनी तुला विचारलं ना, केस कापलेस का, छान दिसतात, ते मी त्यांच्या कानात सांगितलं होतं. तू खूश झालीस, आणि फोन ठेवल्यावर ते मान खाली घालून किती तरी वेळ बसून राहिले. भर उन्हात, अगदी जवळून, डोळ्याच्या कडेने पाहिलं तर अजून एखादा चेहरा त्यांना जुळवता येतो. उन्हाळ्यापर्यंत तेही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या इलाला त्यांनी दोन वर्षांपूर्वी पाहिलं, तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता ती कशी दिसते हे मी सांगते, पण माझ्या सांगण्यातून नात दिसत नाही गं. मूव्हर्स कॅन्सल कर, आणि त्याच शनिवारचं विमान पकडून तिला घेऊन ये. आम्हाला न्यायला नको येऊस. त्यांना दिसायला ये.

तुझीच हट्टी,
आई