थोरल्या सुनेचे कपडे

कोडोली,
रविवार दुपार

प्रिय वर्षावहिनी,

सगळ्यांसमोर मी तुला 'तुम्ही' म्हणते आणि गोठ्यात 'तू'. हे पत्र गोठ्यातलं आहे असं समज. फोनवर आपलं बोलणं होतं, पण फोन लागला की आई शेजारी येऊन बसते आणि मग तू नुसती म्हशींची चौकशी करतेस. नागपंचमीला माहेरी गेलीस तेव्हा सगळ्यांना वाटलं, चार दिवसांत येईल. गौरीलाही आली नाहीस, तेव्हा आईने शेजारणींना तुझ्या आईला बरं नसल्याचं सांगितलं. मलकापूरच्या कॉलेजात तू बी.ए.ला नाव घातलंस हे आता गल्लीला ठाऊक आहे, तरी घरात अजून 'वर्षा रुसलीया' असंच म्हणतात. तू येतेस की नाही, याच एका गोष्टीवर सगळं घर अडून बसलंय.

आधी नाटकाचं सांगते. मंगळवारी कोल्हापुरात आमचा स्पर्धेचा प्रयोग झाला. घरगुती नाटक आहे. सासू, दोन मुलगे आणि थोरली सून. मुलगे वाटणीला बसतात, आणि जिचा कुठल्याच वाटणीत विचार नाही ती सून शेवटी घर सोडून जाते. उदयसिंह सर दिग्दर्शक. त्यांनी वेशभूषा माझ्यावर सोपवली आणि सांगितलं, माणसाने तोंड उघडायच्या आधी तो कसा आहे ते लोकांना दिसलं पाहिजे. मला ते इतकं पटलं की महाद्वार रोडवरून जाताना मी भाजी घेणाऱ्या बायकांच्या पदराकडेच बघत राहायची. सासूला मी जाड काठाची गडद साडी दिली, पदर चापून बसवलेला, घर कुणाच्या हातात आहे ते कळावं म्हणून. थोरल्या मुलाला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. चुरगळेल म्हणून तो खुर्चीला टेकतसुद्धा नाही. आणि सुनेला हिरवी साडी, खणाचं ब्लाउज, हातभर बांगड्या. सुनेचं काम सदफ करते. ती कपडे घालून उभी राहिली तेव्हा सर म्हणाले, छान दिसतेय. सदफ स्वतःकडे बघत म्हणाली, "छान दिसतीया खरं, पण ही बाई काम कवा करती?"

त्यावर सगळे हसले, मीही हसले, पण घरी येताना एसटीत तेच डोक्यात होतं.

तू गेल्यापासून पहाटेची धार माझ्याकडे आहे. धाकटी म्हैस अजून मला लाथा झाडते, तुझ्या हाताला कशी उभी राहायची कोण जाणे. एकदा वैरण आणायला निघाले तर गोठ्यात दाव्यांच्या खिळ्यावर तुझा तो शर्ट दिसला. तुझा कसला, दादाचाच, निळ्या चौकड्यांचा. उसाच्या पाल्याने हात कापतात म्हणून तू साडीवर घालायचीस तो. मी घातला. तेव्हा कळलं की निऱ्या मावाव्यात म्हणून तू त्याची दोन्ही बाजूंची शिवण वीतभर उसवून घेतली होतीस. उजवी बाही मनगटापाशी विरलीय. कॉलरचं बटण तू दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलंयस. मी शर्ट घालून तिथेच उभी राहिले. आमची सून मला सापडली होती.

आता सून दुसऱ्या अंकात साध्या साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून येते. नेपथ्यातल्या घरात, पुढच्या सोप्यात भिंतीला ओळीने खुंट्या आहेत आणि त्यांवर घरातल्या सगळ्यांचे कपडे आहेत. सून बाहेर थांबते, शर्ट काढते, दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवते, डोक्यावर पदर घेते आणि मगच आत पाऊल टाकते. या सगळ्याला एकही संवाद नाही. सरांना आधी वाटलं, वेळ जातोय. तालमीत बघितल्यावर म्हणाले, असू दे. नवा शर्ट जुना करायला मी तो सोड्याच्या पाण्यात उकळला, दगडावर घासला, पण त्याचं जुनेपण खोटंच वाटत होतं. शेवटी तुझाच नेला. तुला न विचारता नेला, पण धुऊन खिळ्यावर परत ठेवलाय.

शेवटच्या प्रवेशात मात्र मी पुन्हा घोळ घातला. सून घर सोडून जाते म्हणून मी तिचे केस मोकळे सोडले, साडी विस्कटून टाकली. सदफ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "क्रांते, घर पेटल्यागत पळाय लागलीया व्हय ही? यष्टीनं जाणार हाय की." आणि मला नागपंचमीची सकाळ आठवली. तू धार काढलीस, डेअरीला दूध घालून आलीस, इस्त्रीची साडी नेसलीस, खांद्याला पिन लावलीस, आईच्या पाया पडलीस आणि स्टँडवर गेलीस. तुझी एक बटसुद्धा इकडची तिकडे नव्हती. म्हणून कुणाला काही कळलं नाही. आमची सूनही आता तशीच जाते.

प्रयोगाला आबा, आई, दादा तिघेही आले होते. शर्ट घालून सदफ आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका ओळखीचं दिसल्यासारख्या हसल्या. तिने तो बाहेर अडकवला तेव्हा गप्प झाल्या. परत येताना वडापच्या जीपमध्ये चौघं दाटीने बसलो. मग आबांनी विचारलं, शर्ट आपल्या घरातलाच का. मी हो म्हटलं. दादा म्हणाला, "दोन वर्सं झाली हुडकतोय मी त्यो." तेव्हा आई, आपली आई, भर गाडीत त्याला म्हणाली, "रोज बायकोच्या अंगावर बघत हुतास की रं."

दादा खिडकीबाहेर बघत बसला. कोडोली आली तरी उतरायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

आता हे पत्र कशासाठी लिहायला बसले ते सांगते. सरांनी माझं नाव पुण्याच्या एका नाटक कंपनीला सुचवलंय. तीन महिने त्यांच्या वेशभूषेच्या कामात राहायचं आणि शिकायचं. आबांना विचारलं तर म्हणाले, "वर्षाला ये म्हणून लिही. शिकलेली हाईस, नीट पटवून लिही. ती आली की तू जा, म्हशीकडं कोण बघणार?" मी पदवीधर झाले तेव्हा चौकात माझा फ्लेक्स लागला होता, आणि मी सकाळची एसटी पकडत होते ती तीन वर्षं गोठ्यात तू होतीस. तुला बघायला आलो तेव्हा पोरीला पुढं शिकवू की, असं आबा दहा माणसांत बोलले होते. आता मला शिकायला जायचंय म्हणून तू कॉलेज सोडून ये, असं मी लिहू शकत नाही. मी दोनदा लिहायला घेतलं, दोन्ही वेळा चांगलं जमत होतं, म्हणून फाडलं. वहिनी, माझ्यासाठी येऊ नकोस. परीक्षा दे. दादा येत्या आठवड्यात तुझ्याकडे यायचं म्हणतोय. काय बोलायचं ते त्यालाही अजून माहीत नाही. त्याचं ऐकून घे आणि तुला जे वाटेल ते सांग. पुण्याचं मी आबांशी माझं मी बोलेन, आज संध्याकाळची धार झाल्यावर. त्याआधी हे पत्र पेटीत टाकून येते, म्हणजे त्यांच्यासमोर मला माघार घेता येणार नाही.

तुझीच,
क्रांती