हट्टा रेड

१८ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. यंदा आपल्या हट्टा गावात रेड वाइन होणार. दिवाळीला साडू सुदामराव नाशिकहून बाटली घेऊन आले अन् सगळ्या सासुरवाडीसमोर म्हणाले, साडूभाऊ, तुमच्याकडं पिकं दोनच, हळद अन् गप्पा. लई लागलं मनाला. एकदा त्यांच्या तोंडून ‘मानलं’ ऐकायचंय. बाकी काही नको.

२१ फेब्रुवारी
मोबाईलवर व्हिडिओ बघितले. विषय कळला. रेड वाइनचं कॅरेक्टर मातीतून येतं म्हणे. आपली माती काळीभोर. नाशिकवाल्यांनी जपून राहावं.
वसमतहून काळी द्राक्षं आणली. गाडेवाला म्हणाला, सोलापूरची आहेत. हरकत नाही, ड्रम आपल्याच मातीवर ठेवणार.

२२ फेब्रुवारी
द्राक्षं साल-बियांसकट कुस्करली. घरात रिकामा ड्रम एकच, हळदीचा. शिला म्हणाली, त्यात काहून टाकून राहिले? वास जाणार न्हाई. म्हटलं, सर्फनं घासलाय. बायकोला वाइनमधलं काय कळतं.
निश्चय: कोणाला सांगायचं नाही.

२३ फेब्रुवारी
टपरीवर पुंजाजीला सांगितलं. फक्त त्यालाच.

२५ फेब्रुवारी
लोक राम राम सोडून ‘झाली का?’ विचारून राहिले. ब्रँडिंग आपोआप चालू आहे.

९ मार्च
फेस नाही. व्हिडिओत भसाभसा येतो. आपली वाइन शांत स्वभावाची दिसते.

३० मार्च
झाकण काढलं. रंग विटकरी. चव आधी आंबट, मग कडू, मग हळद. नाशिकच्या वाइनला ही तिसरी चव नाहीच. जीभ पिवळी झाली. शिलानं वास घेतला अन् म्हणाली, आपलं लग्न आठवलं. वाइन रोमँटिक असते हे ऐकून होतो.

३० एप्रिल, अक्षयतृतीया
सुदामराव आले. गाडीतून उतरतानाच पाय मुरगळला. तरी मी रुखवतातले काचेचे ग्लास काढले, मातीवरचं भाषण केलं अन् वाइन दिली. त्यांनी एक घोट घेतला अन् ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, काढा बराय, पण पाय दुखतोय, पोट नाही.
शिला उठली. ग्लासात उरलेली वाइन कोमट केली, त्यात आंबेहळद कालवली अन् लेप दिला. मी बघत बसलो. अडीच महिन्यांची मेहनत पायावर.

१ मे, सकाळ
सूज उतरली. सुदामराव अंगणात चालून आले अन् म्हणाले, मानलं. मी उठून उभा राहिलो. ते पुढं म्हणाले, मानलं शिलाताई तुम्हाला.
जाताना दोन बाटल्या मागून घेतल्या, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. मी दोन्हींवर लेबल लावलं: हट्टा रेड. शिलानं पेन घेऊन खाली लिहिलं: फक्त बाहेरून लावायचं.