खणीचं पाणी आणि ज्ञानूचा चर

मी, भूपाल नेमगोंडा मगदूम, वय वर्षे एकाहत्तर, जात जैन, धंदा शेती, राहणार मौजे शिरगुंडी, तालुका मिरज, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दाबाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते डॉक्टरांचे मत. ता. ९ मे रोजी सकाळी जे पाहिले त्यानंतर माझी मलाच तशी खात्री उरलेली नाही. जेवताना घास हातातच राहतो आणि सूनबाई म्हणते, मामंजी, भाकरी निवली.

कलम १. राहते घर, गोठा व बैलजोडी मुलगा धरणेंद्र यास द्यावी. सोप्याची कौले उतरवून पत्रा घालू नये. तो घालणारच, मी त्याला ओळखतो. निदान मी गेल्यावर घालावा.

कलम २. ओढ्याकडेचे उसाचे रान, दोन एकर, हेही धरणेंद्रास. पोस्टातली शिल्लक मुलगी गुणमाला हिला. तिच्या आईची तांब्याची घागर आणि पाणी गाळायचे कापडही तिलाच. कै. कस्तुरीने बेचाळीस वर्षे आम्हाला थेंबन् थेंब गाळून पाजला, आणि गाळण्यात राहिलेला जीव, आमच्यात त्याला जिवाणी म्हणतात, परत विहिरीत नेऊन सोडला. एक दिवस चुकली नाही. गुणमालेनेही चुकू नये. पण पाणी गाळून झाल्यावर शेजारच्या घरात काय चालले आहे तेही बघावे. मी बघितले नाही.

कलम ३. माझा माळ, गट नंबर २१४, मी सहासष्ट साली एका खडीवाल्या ठेकेदाराला दिला होता. रेल्वेची मोठी लाईन पडत होती आणि खडीला मागणी होती. दगड काढून झाल्यावर खड्डा मुरुमाने भरून देईन, असे त्याने स्टँपवर लिहून दिले. सत्तर साली त्याने क्रशर उचलला आणि गेला. कराडला गेलो तर लोणंदला गेलाय म्हणाले, लोणंदला गेलो तर कराडलाच आहे म्हणाले. तो स्टँप माझ्या पेटीत आहे. धरणेंद्राने त्या माणसाला हुडकावे. पैसे मागू नयेत, मिळणार नाहीत. त्याला एकदा इथे आणून ज्ञानूचा चर दाखवावा.

कलम ४. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. क्रशर गेला आणि मागे राहिलेली खण दोन वर्षांत पाण्याने भरली. त्यात मासे झाले, कुठून आले देव जाणे. त्या साली मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. त्यांच्यापुढे मी नियम घेतला, की या खणीतला जीव मरू देणार नाही, पाणी उपसणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात गावची जनावरे त्याच पाण्यावर जगली, तेव्हा तर मी जास्तच ताठलो.

खणीच्या खाली ज्ञानू तात्याबा सावंत याचे एक एकर तेरा गुंठे रान. पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस, बायको रंगुबाई, मूलबाळ नाही. खण भरली आणि त्याचे रान चिबडले. चैत्रातसुद्धा बैलाचा पाय गुडघाभर रुते, ज्वारी उभ्याने पिवळी पडून कुजे. तो माझ्याकडे आला. "आवं अण्णा, तुमच्या खणीचं पाणी माझ्या रानात उतरतंय. उपसा की वाईच." मी म्हणालो, वरच्या ऊसवाल्यांच्या पाटाचा पाझर असेल. मग तो जोतिबाच्या डोंगरावरून गुलालाची पिशवी घेऊन आला. "ह्यो गुलाल खणीत टाकतो. माझ्या रानात तांबडं पाणी न्हाई आलं तर तुमचं पाय धरतो." मी टाकू दिला नाही. रंगाने मासे मरतील म्हणालो. "मासं मरत्याल म्हून मी मरू व्हय?" असे म्हणाला आणि हसला. तेव्हा आम्ही एकमेकांशी हसत होतो.

नंतर त्याने दावा लावला. मी शपथेवर सांगितले, की पाणी माझ्या खणीचे नाही. त्याच्याकडे पुरावा नव्हता, कारण पुरावा मीच होऊ दिला नव्हता. मी जिंकलो आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पेढे वाटले.

दावा हरल्यावर तो स्वतःच पाणी काढायला चर खणू लागला. पलटणीत खंदक खणलेला गडी, त्याला कोण काय शिकवणार. पुरुषभर खोल गेला. ९ मे रोजी सकाळी मी खणीच्या काठावर माशांना चुरमुरे टाकत होतो. खालून रंगुबाईची हाक आली. वाटले, नेहमीचे भांडण असेल. मी हातातले चुरमुरे संपेपर्यंत थांबलो.

हे कोणाला सांगितलेले नाही, येथे प्रथमच लिहीत आहे. खाली गेलो तर चर दिसेना. ओली काळी माती दोन्हीकडून बसली होती आणि काठावर त्याचा पटका घडी करून ठेवलेला होता. आम्ही हातांनी चिखल ओढला. त्याचा हात माझ्या हाताला लागला तेव्हा तो अजून ऊन होता. तेवढ्या वेळात काय झाले असते, याचा हिशेब मला लागत नाही. भूपाल मगदूम मुंगी पाहून पाय उचलतो असे गाव म्हणते, आणि त्याच भूपालने हे केले. मला खरे वाटत नाही.

कलम ५. <s>माझ्या मृत्यूनंतर धरणेंद्राने खण उपसून मुरुमाने भरावी, आणि ओढ्याकडच्या रानातला एक एकर रंगुबाईस द्यावा.</s>

हे कलम मीच खोडले आहे. खालची अक्षरे वाचता येतात, येऊ द्यावीत. ता. २४ रोजी मी ते रंगुबाईला तिच्या उंबऱ्यावर बसून वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले.

"जिमीन नगं मला, अण्णा. तुमी मरणार कवा?"

ते कोणाच्या हातात असते, मी म्हणालो.

"म्हंजे तवर पाणी तसंच. आन् नेम तुमचा, मोडायचा तुमच्या पोरानं व्हय?"

अठरा पाने कच्ची लिहिली होती, एकदाही हे मनात आले नव्हते. स्वतःचा नियम शाबूत ठेवून मी पाप मुलाच्या माथी लिहून ठेवत होतो, आणि त्याला अंतिम इच्छा म्हणत होतो.

कलम ५, नवे. ता. २५ पासून खणीवर दोन ऑइल इंजने चालू आहेत. ती मी चालू केली, पहिला हँडल मी मारला. नियम मी मोडला, धरणेंद्राने नाही. अर्जुना भोई मासे पिंपात घालून कृष्णेत सोडतो आहे. पुष्कळ वाटेतच मरतात. मी गाडीसोबत जातो आणि बघतो.

आज सकाळी ज्ञानूच्या चरातले पाणी हटले. इतके दिवस तिथे कमरेएवढे डबके होते. तळाला त्याचे फावडे दिसले. रंगुबाईने उतरून ते काढले, पदराने पुसले आणि घरी नेले. ज्ञानू खरे बोलत होता. कोर्टात मी शपथेवर सांगितले ते खोटे होते.

कलम ६. खण भरून होण्याआधी मी गेलो, तर उरलेला मुरूम धरणेंद्राने टाकावा. ऊस विकावा, पण काम अर्धे ठेवू नये. खणीच्या जागी माझ्या नावाची फरशी बसवू नये.

साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी बजावले. रंगुबाईने काही घेतले नाही, तेव्हा तिची साक्ष चालते. ती आपण होऊन तयार झाली. तूच का, म्हणून मी विचारले. म्हणाली, "लिवलंय तसं करताय का न्हाई, त्ये बघाया कोण नगं का?"

वरील मजकूर मी तिला पहिल्यापासून वाचून दाखवला. चुरमुऱ्यांपाशी तिने मला थांबवले आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. मग तिने शाईत अंगठा बुडवला.

सही: भूपाल नेमगोंडा मगदूम

साक्षीदार:
१. भाऊसो बाबू माने, इंजनवाले, सही
२. रंगुबाई ज्ञानू सावंत, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम शिरगुंडी, खणीच्या काठी, इंजने चालू असता.
बुधवार, ता. २८ मे १९७५