टाकीत उतरायचा कागद

अब्बा,

आज मी चाचांना कारखान्यातून परत पाठवलं. तुमच्याबरोबर एकाच दोराच्या झुल्यावर बसून ज्यांनी वर्षानुवर्षं धुराड्यांना आणि टाक्यांना रंग दिला, त्याच चाचांना. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या या कारखान्यात रंगकामाचा ठेका कुणाला द्यायचा, यावर सुरक्षेची सही माझी लागते. हे बघायला तुम्ही राहिला नाहीत. रसायनाची एक मोठी टाकी आतून रंगवायची आहे. चाचा आष्ट्याहून पहिली एसटी धरून आले, धुतलेला सदरा घालून, काम मिळालंच अशा थाटात. मी विचारलं, ''चाचा, बंद टाकीत काम करायचं सर्टिफिकेट आहे का?'' आधी ते हसले. मग माझं तोंड बघून म्हणाले, ''आगं पोरी, तुझ्या बापाकडं कुठला कागद हुता?'' समोर दोन इंजिनियर बसलेले. मी फाईल चाळत राहिले. ''नव्हता, म्हणून तर...'' एवढं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. माझीच मला लाज वाटली. तेव्हापासून खुर्चीत बसवत नाही.

तुमच्याकडे कागद नव्हता, नख होतं. वाळलेल्या रंगावर अंगठ्याचं नख ओढायचात आणि खपली निघाली की समोर मालक का असेना, सुनावायचात, ''खालचा गंज काढला न्हाई, आन् वर रंग फासून काय उपेग?'' एकदा मी शाळेच्या पाटीची चौकट घाईघाईत रंगवली, तर तुम्ही नखानं सगळी खरवडून परत माझ्या हातात दिलीत. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. अजून डोळ्यांपुढे येतं: टाकीचं काम असलं की अम्मी चुलीपुढून उठते, गुळाचे दोन खडे कागदात बांधून देते. गूळ खाल्ला की छातीतला रंग उतरतो, असं आपल्याकडचे सगळे रंगारी मानायचे. आणि गुळाला आपल्या भागात काय तोटा! संध्याकाळी तुम्ही येता, डोळे लाल, उगाचच हसता. अम्मी म्हणते, ''आज लय खुशीत हायसा!'' आणि आम्ही पोरंही हसतो. पुढे नोकरीच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यानं फळ्यावर रंगात घालायच्या थिनरची वाफ चढल्याची लक्षणं लिहिली: डोकं हलकं होणं, विनाकारण हसू येणं. मी वही मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. तोवर तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मिरजेजवळच्या त्या तेलाच्या टाकीत रंगाचा दुसरा हात देताना तुम्ही हाकेला ओ देईनासे झालात. चाचांनी तोंडाला फडकं बांधून आत उडी टाकली, दोरानं तुम्हाला वर काढलं, दवाखान्यात नेलं. तिथून तुम्ही परत आला नाहीत.

म्हणून सांगते, मला चाचांच्या हाताचा दाखला नको होता. हात कसा आहे ते नख सांगतं. टाकीतल्या हवेला नख लावता येत नाही. उतरण्याआधी ती मोजायची, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा, आत कुणी पडलं तर मागोमाग उडी टाकायची नाही, हे कुणीतरी शिकवावं लागतं. आणि ते शिकवलंय, असं मला ओळखीपाळखीवर धरून चालता येत नाही. पण चाचांनी उडी टाकली नसती, तर तुमचा शेवटचा श्वास त्या अंधारातच गेला असता. आता त्यांनाच मी हे कोणत्या तोंडानं सांगू? तुमचाही राग येतो, अब्बा. नखानं सगळं ओळखणाऱ्या माणसाला एकदाही वाटलं नाही का, की आपल्याला हे हसू कशाचं येतंय?

दुपारी मी फाटकाबाहेर गेले. चाचा चहाच्या टपरीवर बसून होते, गावी गेले नव्हते. म्हटलं, साताऱ्यात चार दिवसांचं प्रशिक्षण आहे, तुमचं नाव घालते. कागद आला की काम तुमचंच. ''या वयात साळंत घालतीस व्हय मला?'' म्हणाले, पण सरकून मला बाकावर जागा दिली. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून फॉर्म मी भरला. नाव, वय, अनुभव. मग एक रकाना आला: याआधी कामावर जीवघेणा अपघात पाहिला आहे का? असल्यास तपशील. पेन तिथेच अडलं.

''काय इचारत्यात?'' चाचांनी विचारलं.

''काही नाही,'' मी म्हटलं.

खरं लिहिलं तर चौकशा होतील, त्यांचं नाव मागे पडेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. फॉर्म उद्या साताऱ्याला जाईल. हे पत्र कुठे पाठवणार? दुसऱ्यांच्या कागदातला एक खोटा शब्द मी खपवून घेत नाही, अब्बा. त्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं, आणि खाली चाचांची सही घेतली.